तिच्या मूव्ह, माझे हात

आमचं लग्न क्यूबवरून ठरलं असं मी सांगतो तेव्हा लोकांना गंमत वाटते. खरं तर क्यूबवरून ते मोडायच्याच बेतात होतं.

रोह्याला तिच्या घरी आम्ही बघायला गेलो होतो. मामा माझ्या वतीने बोलत होते. डोलवीच्या कंपनीत आहे, परमनंट आहे, पेणला स्वतःचा ब्लॉक आहे, वगैरे. मला पोहे खाऊन झाल्यावर काही काम उरलं नव्हतं. टीव्हीच्या बाजूला एक विस्कटलेला क्यूब दिसला आणि माझे हात शिवशिवले. कॉलेजपासूनचा नाद. उचलला, सटासट फिरवला आणि अर्ध्या मिनिटात सगळे रंग जुळवून चहाच्या ट्रेशेजारी ठेवला. मामा बोलायचे थांबले. तिची आई म्हणाली, "अगो बाय, केवढ्यात केलान!" मी आपला नम्र चेहरा करून जमिनीकडे बघत होतो, तेवढ्यात ती दारातून म्हणाली, "पटकन झाला, पण फिरवता किती हो तुम्ही!"

"गो, गप ऱ्हा," तिची आई म्हणाली.

ती काही गप्प राहिली नाही. पुढे आली, क्यूब माझ्या हातात देऊन म्हणाली, विस्कटा. मी चांगला विस्कटला. तिने तो चारी बाजूंनी नीट पाहिला, आणि मग घाई न करता, भाजी निवडावी तशी, फिरवायला लागली. वेळ माझ्यापेक्षा जास्त लागला. पण ठेवताना म्हणाली, "मी पंचेचाळीसच्या आत केला. तुमच्या साठच्या वर गेल्या." मी फिरवत असताना दाराआडून नुसत्या कटकट आवाजावरून तिने माझ्या मूव्ह मोजल्या होत्या. क्यूबची एक बाजू एकदा फिरवली की ती एक मूव्ह. परतीच्या गाडीत मामा म्हणाले, पोरगी आगाव हाय. मी म्हटलं, असू दे.

ज्यांनी कधी क्यूब हातात धरला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. सोडवायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. माझी पद्धत बहुतेकांची असते ती. तळाला एक क्रॉस करायचा, मग खालून एकेक थर भरत वर यायचं आणि शेवटचा थर पाठ केलेल्या ठरावीक मूव्हनी उडवायचा. डोकं कमी, बोटं जास्त. तिची पद्धत वेगळी. डावीकडे एक ठोकळा बांधायचा, उजवीकडे एक, मधली पट्टी मोकळी ठेवायची आणि शेवटी तिच्यातूनच उरलेलं सगळं जागेवर आणायचं. मूव्ह कमी लागतात, पण आधी बघावं लागतं, पाठांतरावर भागत नाही. त्याहून तिच्या आवडीचा एक प्रकार होता. त्यात वेळेची घाईच नसते. तासभर घ्या, पण कमीत कमी मूव्हमध्ये सोडवा. त्यात ती तिशीच्या आत यायची. तिशीच्या आत येणं काय असतं हे मला माहीत आहे, कारण मी कधीच आलो नाही.

लग्नानंतर घरातलं सगळं तिने याच मापाने मोजायला घेतलं. मी बाजारात एकदा कोथिंबिरीला, एकदा दुधाला आणि एकदा विसरलेल्या कोथिंबिरीला असा जायचो, तेव्हा ती गॅलरीतून मोजत उभी असायची. मी शिफ्टवरून आलो की कधी कधी घरभर करपल्याचा वास असायचा आणि ही ओट्याला टेकून क्यूब हातात घेऊन उभी. "मधेच एक जागा सापडली हो, चार मूव्ह वाचतात," असं म्हणायची. त्या चार मूव्हपायी आम्ही कितीदा बाहेरून मिसळ आणून खाल्ली. मी चिडायचो. मला राग पटकन येतो, ते सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. पण तिचा चेहरा तेव्हा असा असायचा की रागाला धरायला काही सापडायचं नाही. मूल झालं नाही. त्याचं दुःख आम्ही दोघांनी करून घेतलं आणि मग राहिलो, बरे राहिलो.

पनवेलला एका शाळेच्या हॉलमध्ये स्पर्धा होती. आम्ही दोघंही जायचो अशा ठिकाणी. सगळी शाळकरी पोरं आणि त्यात आम्ही काका-काकू. त्या दिवशी तिच्या हातून क्यूब दोनदा पडला. गाडीत ती डाव्या हाताचा अंगठा पुनःपुन्हा मिटून बघत होती. "पकडच लागत नाय," म्हणाली. मी म्हटलं, एसी फार होता तिथे. पेणच्या अलीकडचं जिते स्टेशन गेलं तरी ती अंगठ्याकडेच बघत होती.

पुढचं सगळं दवाखान्यांचं आहे आणि ते मी थोडक्यात उरकतो. पेण, मग पनवेल, मग मुंबई. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात असा तो आजार. औषध नाही. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतं, डॉक्टर म्हणाले, आणि हे त्यांनी चांगली बातमी दिल्यासारखं सांगितलं. मला त्यांची कॉलर धरावीशी वाटली. तिने फक्त विचारलं, "हात आधी जाणार की बोलणं?" डॉक्टर म्हणाले, बहुधा हात.

रोह्याहून तिची आई राहायला आली. तिची आई म्हणजे आमच्या घरातली तिसरी शिफ्ट. मी कामावर असलो की ती, मी असलो की मी. दुपारी खिडकीपाशी बसून भिजवलेले वाल सोलत बसायची आणि लेकीकडे बघायची. भेटायला येणाऱ्यांनीही पिडलं. एक ओळखीचे गृहस्थ क्यूबकडे बोट दाखवून म्हणाले, हे फिरवून फिरवूनच नसा आखडल्यात हो तिच्या. मी त्यांच्या चपला उचलून जिन्यात नेऊन ठेवल्या. ते निमूट मागोमाग गेले. ती आतल्या खोलीत खूप हसली. मग म्हणाली, "तसं असतं तर तुम्ही माझ्याआधी गेला असतात."

हातातली ताकद गेली तसतशी ती आणखी कमी मूव्हमध्ये सोडवायला लागली. आधी ती हौस होती, आता गरज होती. डावा हात गेल्यावर क्यूब टेबलावर टेकवून उजव्या हाताने फिरवायची. एक बाजू फिरवायची, मग दम घ्यायची. एका दिवसात हाताला जितकं फिरवणं झेपेल तितक्यात तो सुटला पाहिजे, म्हणून ती फिरवण्याआधी अर्धा अर्धा तास नुसती बघत राहायची. एकही मूव्ह फुकट जाऊन चालणार नव्हतं. पेणच्या बाजारपेठेत तिच्यासाठी मी सगळ्यात मऊ फिरणारा क्यूब शोधत फिरलो, मिळाला नाही, शेवटी ऑनलाइन मागवला. तो आला तेव्हा उजवा हातही उचलत नव्हता.

त्या दिवशी ती रडली. आजार झाल्यापासून माझ्यासमोर पहिल्यांदाच. मी म्हटलं, "गो, माझे हात आहेत ना. तू सांग, मी फिरवतो."

तिने विचार केला आणि अट घातली. "मी सांगेन तेवढंच फिरवायचं. तुमचं डोकं चालवायचं नाय. एक जरी मूव्ह तुम्ही मनाने केलीत तरी तो मी सोडवला असं व्हणार नाय." मी कबूल केलं. तिचं आता एवढंच म्हणणं होतं. खाणं, न्हाणं, कूस बदलणं, सगळं दुसऱ्याच्या हाती गेलं होतं. ही एक गोष्ट जमेल तितके दिवस तिला स्वतःची ठेवायची होती.

क्यूबवाल्यांची एक भाषा असते. आर म्हणजे उजवी बाजू, एल डावी, यू वरची, एफ समोरची. उलट्या दिशेने असेल तर आर उलटा. मी तिच्या पलंगासमोर खुर्ची घ्यायचो, क्यूब सगळ्या बाजूंनी दाखवायचो आणि मग तिच्या समोर पाटावर ठेवायचो. ती बराच वेळ मनात जुळवायची. मग डोळे मिटायची, कारण डोळे उघडे ठेवून बोलायचेही तिला कष्ट व्हायचे, आणि एका श्वासात बसतील तेवढ्या मूव्ह सांगायची. आर, यू, आर उलटा, एफ. मी फिरवायचो. ती डोळे उघडायची आणि समोर भलतंच काहीतरी असायचं.

पहिल्या दिवशी म्हणाली, चुकले मी. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिने अगदी साधं, शिकाऊ पोराला जमेल असं चार मूव्हचं काही सांगितलं आणि तेही फसलं. तिने विचारलं, "अहो, माझं डोकं पण चाललं का?" मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय ना डोक्याला काही होत नाही म्हणून. "त्यांना काय म्हाईत," ती म्हणाली.

तिची आई मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "ऱ्हावद्या आता ता. तिला तरास व्हतोय." मी तिच्यावर ओरडलो. मग मोरीत नळ सोडून उभा राहिलो. मलाही तेच वाटत होतं, की डोकं चाललं. ते डोकं गेलं तर माझ्याजवळ काय उरणार होतं ते मला कळत नव्हतं.

दोन-तीन दिवस क्यूबला कोणी हात लावला नाही. मग एका दुपारी लाइट गेली. पंखा बंद झाला आणि ती घामाघूम झाली. मी पलंगावर तिच्या शेजारी, भिंतीला टेकून बसलो आणि एका हाताने पुठ्ठ्याने वारा घालायला लागलो. क्यूब उशीशी पडला होता तो तिला टोचू नये म्हणून मी उचलून मांडीवर घेतला. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि थोड्या वेळाने डोळे मिटून, सवयीने म्हणावं तसं पुटपुटली, आर, यू, आर उलटा. मी पुठ्ठा ठेवला आणि फिरवलं. तिने डोळे उघडले.

बरोबर होतं.

मग मला कळलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला. इतके दिवस मी तिच्या समोर बसत होतो. तिची उजवी बाजू म्हणजे माझी डावी. तिची समोरची म्हणजे माझ्या मागची. ती तिला दिसेल ते समोरचं धरून सांगत होती आणि मी मला दिसेल ते समोरचं धरून फिरवत होतो. कुठल्याही तिसऱ्या माणसाने हे पहिल्याच दिवशी ओळखलं असतं. पण वर्षानुवर्षं क्यूब खेळलेल्या माणसाला समोरची बाजू म्हणजे आपल्या छातीकडची बाजू, दुसरी असू शकते हे त्याच्या मनातच येत नाही. आणि आम्ही दोघंही तसेच.

ती हसायला लागली. तिचं हसणं तोपर्यंत बरंच बदललं होतं, उचकीसारखं यायचं, पण ते हसणंच होतं. तिची आई धावत आली, काय झालं म्हणून. मी म्हटलं, "काय नाय झालं. तुमची लेक हुशार हाय आणि जावई गाढव हाय." म्हातारीने दोघांकडे पाहिलं आणि तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. डोकं जागेवर होतं. एवढ्यावर आम्ही त्या दिवशी सण केल्यासारखे वागलो.

तिथून पुढे मी शेजारीच बसायला लागलो, खांद्याला खांदा लावून. मला आता वाटतं, लग्न होऊन इतकी वर्षं झाली पण आम्ही दोघांनी एकाच बाजूने एखाद्या गोष्टीकडे इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. दुपारच्या शिफ्टला जाण्याआधी आमची बैठक असायची. तिचा श्वास तोकडा होत गेला. आधी एका दमात पाच-सहा मूव्ह सांगायची, मग तीन, मग एक. पण मूव्ह वाढल्या नाहीत. उलट कमी झाल्या. एकदा तर ती जे करत होती ते मला शेवटपर्यंत कळलंच नाही. मी बावळटासारखा फिरवत राहिलो आणि अचानक सगळे रंग जागेवर आले. मी मोजल्या होत्या. पंचवीस. आमच्या ओळखीच्या कुणालाच तोपर्यंत तितकं जमलं नव्हतं. मी ओरडून सांगितलं तर ती फक्त भुवई उडवून बघत राहिली.

कधी कधी मला मोह व्हायचा. ती दमून थांबलेली असायची, शेवटचे तीन कोपरे तेवढे राहिलेले असायचे, आणि माझ्या बोटांना ते येत असायचं. दोन सेकंदांचं काम. पण मी हात आवरायचो. ती झोपून उठेपर्यंत क्यूब तसाच राहायचा. मी घरात इतका शहाण्यासारखा आधी कधी वागलो नव्हतो.

बोलणं गेल्यावर डोळे राहिले. डोळे एकदा दाबून मिटले की हो, खिडकीकडे पाहिलं की नाही. आता मला एकेक विचारावं लागायचं. उजवी? डावी? वरची? समोरची? हो आलं की, सरळ? उलटी? अर्धी? एक मूव्ह कळायला मिनिट मिनिट जायचं. तिच्या पंचवीस-तीस मूव्ह दोन-तीन दुपारी पुरायच्या. माझी पद्धत असती तर आठवडा गेला असता, असं मी तिला म्हटलं, आणि तिने डोळे दाबून मिटले. एकूण एक क्यूब तिने स्वतः सोडवला. माझी एकही मूव्ह त्यात नव्हती, हे मी कुणालाही शपथेवर सांगेन.

मग ती दुपार आली. मी आंघोळ करून, कंपनीचा शर्ट घालून बसलो. आदल्या दिवशी विस्कटून ठेवलेला क्यूब तिला चारी बाजूंनी दाखवला. भरपूर वेळ दिला. मग विचारलं, "उजवी?" तिने डोळे मिटले. "सरळ?" हो. मी फिरवली. पुन्हा सुरुवात केली, "उजवी?" आणि तिने पुन्हा हो म्हटलं.

मी थांबलो. कारण हे कुणी करत नाही. एकच बाजू लागोपाठ दोनदा फिरवायची असेल तर पहिल्याच वेळी अर्धी फिरव म्हणायचं असतं, त्या दोनच्या जागी एकच मूव्ह होते. हे पहिल्या आठवड्यात शिकलेल्या पोरालाही कळतं. तिच्याकडून हे होणं शक्यच नव्हतं. मला वाटलं, मला नीट दिसलं नाही. पुन्हा विचारलं. हो. सरळ? हो. मी फिरवली. तिसऱ्यांदाही उजवी. चौथ्यांदाही उजवी. उजवी बाजू चारदा सरळ फिरली की ती होती तिथेच येते. क्यूब जसा उचलला होता तसाच माझ्या हातात होता.

मागे वाटलं होतं तेच आता खरोखरच झालं असं मला वाटलं. मी तिच्या तोंडाजवळ वाकलो आणि विचारलं, "सोडवायचाय ना?"

तिने खिडकीकडे पाहिलं. नाही. आणि मग परत माझ्याकडे. ते डोळे पूर्ण शुद्धीवर होते. मी बाजारातून परत येताना ती मला गॅलरीतून बघायची तसे होते. खाली रस्त्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला.

"नुसतं फिरवत बसू?"

तिने डोळे दाबून मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

तिला तो सुटायला नको होता. त्या दिवसाच्या मूव्ह संपल्या की मी उठणार, डबा घेणार, जाणार. जिने सगळं आयुष्य एकेक मूव्ह वाचवण्यात घातलं तिला आता एकही वाचवायची नव्हती. मला हे कळलं आणि मी लहान मुलासारखा रडलो, तिच्या खांद्यात तोंड घालून. बसचा हॉर्न आणखी दोनदा वाजला, मग गाडी गेल्याचा आवाज आला. मोबाइल वाजत होता तो मी उशीखाली सरकवला. डोळे पुसले आणि पुन्हा विचारायला लागलो. "उजवी?" हो. "सरळ?" हो.

ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं. मी फिरवत होतो आणि क्यूब जागचा हलत नव्हता. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता आणि तिचा श्वास मला माझ्याच अंगात असल्यासारखा कळत होता. सोललेल्या वालांची परात घेऊन तिची आई आत जाता जाता दाराशी थांबली. मी कामावर गेलो नाही हे तिने पाहिलं. नेहमीसारखी लेकीकडे बघत म्हणाली, "झाला काय गो?"

"नाय," मी म्हटलं. "अजून बराच हाय."